गाळलेली पायरी

भिंगरीने तीन वर्षांत गणिताचे सगळे डोंगर पालथे घातले आणि अडखळली ती उंबऱ्यावर.

झालं ते असं. गणिताची पदवी हवी तर काय काय करावं लागतं, हे विभाग पहिल्याच दिवशी सांगतो: ठरलेले सक्तीचे विषय, आवडीचे काही, शेवटी एक प्रकल्प. सक्तीच्या विषयांतला अगदी पहिला म्हणजे 'गणिताचा पाया'. बेरीज कशाला म्हणायचं, शून्य म्हणजे काय, इथून त्याची सुरुवात. पोरं त्याला बालवाडी म्हणत. भिंगरी नावासारखीच, एका जागी पाय ठरायचा नाही. प्रवेशाच्या चाचणीत तिचे गुण बघून एका प्राध्यापकांनी तिला सरळ वरच्या वर्गात बसू दिलं. तिथे ती पास झाली, त्याच्याही वरच्या वर्गात पहिली आली. ज्याला वरचं येतं त्याला खालचं येतंच, तेव्हा पाया झाल्यातच जमा, असं तिने धरून टाकलं. अशी चूक करायलाही गणितच शिकावं लागतं. बाकीची पोरं नियम वाचतात आणि मुकाट्याने पाळतात. ही गणिताची मंडळी नियमांतून निष्कर्ष काढत बसतात.

शेवटचा पेपर झाला आणि विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी तिला खिडकीशी बोलावलं.

"तुझा पाया कुठंय गं?"

"बाई, मी त्याच्या पुढचं सगळं केलंय."

"ते दिसतंय मला. पाया दिसत नाही."

"पण पुढचं केलं म्हणजे तो आलाच ना?"

"तुझ्या डोक्यात आला असेल, इथे आलेला नाही. त्याच्याशिवाय पदवी नाही." बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. त्या काही वाईट नव्हत्या. "आता एकच वाट आहे. तोंडी परीक्षा. कातरी सरांकडे."

कातरी सर गुण कापायला लागले की कापड संपेपर्यंत थांबत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्याकडे नापास म्हणजे आणखी एक वर्ष. आणि एक वर्ष म्हणजे ठरत आलेली शाळेतली शिक्षिकेची नोकरी गेली, कारण ती शाळा पदवी हातात असेल तरच घेणार होती.

घरी जाऊन आईला सांगायचं, असं ठरवूनच ती जिना चढली. पण आईच दारात उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेने तिचा खोकला छातीत घर करून बसला होता, आणि डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की हे काम सोडा.

"सांगून टाकलं आज मुकादमाला," आई म्हणाली. "म्हटलं, लेकीची परीक्षा संपली. महिनाअखेरीला इस्त्री खाली ठेवते. नवी बाई आलीसुद्धा माझ्या हाताखाली शिकायला."

बोलायची वेळ तीच होती. भिंगरीने विचारलं, "चहा टाकू?"

तिथून पुढचे दिवस तिचे तिलाच माहीत. पुस्तक उघडलं की सगळं सोपं दिसे, आणि त्या सोपेपणाचीच तिला धडकी भरे. अवघड गणिताशी झोंबता येतं, त्याला कुठेतरी शेंडी असते धरायला. सोप्याला धरणार कुठे? आई मात्र गुणगुणत जुनी फडकी शिवायची, आता फावल्या वेळात काय काय करीन ते सांगायची. तिचं प्रत्येक वाक्य भिंगरीला सुईसारखं टोचत होतं. आपण आईला फसवतोय, आणि आपली नोकरी गेली तर ती पुन्हा त्याच वाफेत कुणापुढे हात जोडून उभी राहणार, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं.

परीक्षेच्या सकाळी कातरी सरांच्या खोलीत फळा स्वच्छ पुसलेला होता. सरांनी खडू पुढे केला.

"कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्यच येतं. का?"

तिला हसूच आलं. "सर, ते तर उघड आहे."

"कुणाला?"

हसू तिथेच विरलं. तिने लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत पुढच्या वर्षातलं एक प्रमेय वापरलं. सर म्हणाले, "ते कशाच्या जोरावर सिद्ध केलंत?" तिने पुसलं. दुसरं लिहिलं. "आणि हे?" तेही पुसलं. जे म्हणून हाताला लागे, त्याच्या पोटात हेच शून्य दडून बसलेलं. तीन वर्षं ती ज्या माडीवर नाचली तिच्याखाली काय आहे, हे तिने कधी वाकून पाहिलंच नव्हतं. घामाने खडू बोटांतून निसटला, फरशीवर पडून तुटला. ती फार घाबरली होती. डोळ्यांपुढे फळा नव्हताच, वाफेत खोकणारी आई होती.

"येत नसेल तर तसं सांगा," सर म्हणाले.

"येत नाही, सर."

जन्मात पहिल्यांदा ती हे बोलली होती. सरांनी मान हलवली, पण कातरी काही बाहेर काढली नाही. "ठीक. मग जे येतं तेवढंच सांगा. शून्यात शून्य मिळवलं तर?"

"शून्य."

"लिहा."

तिने तुटका खडू उचलला. शून्य अधिक शून्य, बरोबर शून्य. दोन्ही बाजूंना त्या संख्येने गुणलं. कंस सोडवला. आता डावीकडे तोच गुणाकार दोनदा, उजवीकडे एकदा. तिचा हात थबकला. मग तिने दोन्हीकडून एकेक वजा केला. डावीकडे गुणाकार उरला, उजवीकडे शून्य. एवढंच होतं ते.

सरांनी आणखी बरंच विचारलं. प्रत्येक वेळी ती खालून सुरुवात करत गेली, घाबरत, एकेक पायरी चाचपत. शेवटी त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पास. शाळेत शिकवणार आहात ना? पोरांना 'उघड आहे' म्हणू नका."

ती धावतच धुलाईखान्यात गेली. इस्त्रीच्या टेबलाशी नवी बाई होती. आई मागच्या अंगणात स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घट्ट जुळवलेले. भिंगरीला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही.

"झाली का गं पास?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कार्यालयातल्या बाईंचा फोन आला होता, परीक्षेची वेळ कळवायला. पाया राहिल्याचं, वर्ष जाईल ते, सगळं त्याच बोलल्या. तू खाली दळण आणायला गेली होतीस. दुसऱ्यांदा केला तेव्हा तू घेतलास."

"पास झाले, आई." मग तिचा आवाज चिरकला. "सगळं माहीत होतं, तर मुकादमाला थांबा म्हणायचं ना! मी नापास झाले असते तर?"

आई पुन्हा स्टुलावर टेकली.

"दोनदा गेले होते मुकादमाच्या दारापर्यंत," ती म्हणाली. "पण मी काम सोडायचा शब्द मागे घेतला असता, तर तुला कळलं असतं की मलाही भीती वाटतेय."