बिनकलमी ओळ

"अक्का, तुमच्या द्राक्षांच्या जुन्या ओळीच्या बुडाशी वीतभर खणून बघू का?" मास्तरांनी मंगळवारी सकाळी विचारलं आणि अक्कांच्या मनात पाल चुकचुकली.

गावाचा इतिहास लिहितोय म्हणे! मग कागद चाळ, म्हाताऱ्यांना गाठ. मुळं कशाला उकरतोस? मुळं खाणारी कीड आली तेव्हा गावातल्या सगळ्या द्राक्षवेली मेल्या, मग सगळ्यांनी परक्या जंगली मुळांवर कलमं बांधली, हे शेंबडं पोरही सांगेल. वाचली ती एकच ओळ, अक्कांच्या वडिलांची, आप्पांची. बिनकलमी, अस्सल. तिच्या वाइनचं पिंप गावात मानाने सगळ्यांत आधी उघडायचे आणि अक्का त्या जोरावर जन्मभर ताठ मानेने फिरल्या होत्या.

"खणायचं तर स्वतःच्या परसात खणा," त्या म्हणाल्या.

मास्तर गेले, पण शंका काही जाईना. आप्पा दर वर्षी त्या ओळीला गुडघाभर माती लावायचे, तीही स्वतः. मजुराला तिथे कुदळ टेकवू द्यायचे नाहीत. का बरं?

दुपारी मजूर जेवायला बसल्यावर अक्कांनी खुरपं घेतलं. मातीखाली खोडाला मुठीएवढी गाठ. कलमाची! दुसऱ्या वेलीला तीच, तिसऱ्या वेलीलाही तीच.

"अरे लबाडा!" त्या मेलेल्या बापाला म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. गावाच्या डोळ्यांत धूळ फेकलीस ती फेकलीस, पोटच्या पोरीच्याही? भराभर माती लोटून त्या घरी आल्या.

संध्याकाळी मास्तर पुन्हा दारात हजर.

"आप्पांची शपथ, ओळ बिनकलमी आहे. लिहून घ्या आणि माझा पिच्छा सोडा."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग मी शोधतोय तो माणूस आप्पा नव्हेत. तेव्हा कलमाचं नाव काढलं तरी लोक अंगावर धावून जायचे, वेल बाटते म्हणायचे. कुणीतरी चोरून पहिली ओळ बांधली, जगवली आणि कलमाची रीत लिहून घरोघरी बिनसहीची चिठ्ठी सरकवली. त्यावर हे गाव तरलं. चिठ्ठी मिळालीय मला, माणूस मिळत नाही."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तो माणूस प्रत्येक घरात निघाला असता."

अक्का उंबरा ओलांडून बाहेर आल्या. "मास्तर, मी खोटं बोलले."

"आत्ताच शपथ घेतलीत ना?" आता मास्तरांचे डोळे बारीक झाले.

अक्कांनी त्यांची बाही धरून त्यांना मळ्यात ओढत नेलं आणि हातांनीच माती उपसली. मास्तरांनी गुडघे टेकले, गाठीवरून अंगठा फिरवला. इतकं जुनं कलम त्यांनी गावात दुसरं पाहिलं नव्हतं.

"माती तर ताजी आहे. तुम्ही आधीच पाहिलं होतंत. मग लपवलंत का?"

"मला वाटलं, आप्पांनी इथे लाज पुरलीय," अक्का म्हणाल्या. "जन्मभर त्यांच्या जिवावर मिरवले हो, आणि एक दुपार त्यांच्यावर भरवसा ठेवता आला नाही मला."