खोडलेली रेघ

वेधशाळेत त्यांना सगळे रेघवाल्या बाई म्हणत. दुर्बीण रात्री काम करी आणि बाई सकाळी नऊला येऊन तिने टिपलेली छायाचित्रं तपासत. पूर्वी आठवड्याकाठी एखाद्या छायाचित्रावर उपग्रहाची पांढरी रेघ उमटे, तेव्हा त्या ती शेजारच्यांना बोलावून दाखवत. आता संध्याकाळची आणि पहाटेची छायाचित्रं मांजराने ओरबाडल्यासारखी दिसत, आणि सूर्याच्या बाजूचे लघुग्रह शोधायचे ते नेमके त्याच वेळी. उपग्रहांच्या यादीशी रेघ जुळवायची आणि खोडायची. दिवसाला तीनशे-चारशे.

एका मंगळवारी एक आखूड, अंधूक रेघ यादीत सापडेना. यादीचं काय, ती कायमच दोन दिवस मागे. गिरक्या घेणारा एखादा उपग्रह क्षणभर चमकला असेल असं धरून बाईंनी ती खोडली आणि जेवायला गेल्या.

अकरा दिवसांनी दुसऱ्या एका वेधशाळेने नवा लघुग्रह जाहीर केला. त्याचा मार्ग मागे मोजत नेला, तर बाईंच्या मंगळवारच्या छायाचित्रातली ती आखूड रेघ म्हणजे तोच निघाला. कोणी खोडलं, असं संचालकांनी विचारलं. रेघा खोडणारे आणखी दोघे होते आणि नोंदीत नाव नव्हतं. बाईंना अंग काढून घेता आलं असतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "नजर फिरवली, पण बघितलं नाही."

संचालक रागावले नाहीत. हे काम संगणकाकडेच देऊ, एवढंच म्हणाले. ते बाईंना जास्त लागलं. त्याआधी वर्षभरातल्या खोडलेल्या आखूड रेघा परत तपासू द्या, अशी त्यांनी गळ घातली.

रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. त्याचा फोन याच उपग्रहांवरून यायचा. पूर्वी वर्षात दोनदा आवाज ऐकू आला तरी डोक्यावरून पाणी. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे आपल्या गप्पांपायी तुझा दगड गेला म्हण, ताई."

"गेला कुठे? दुसऱ्यांना सापडला. तू बोल."

चार महिने लागले. सहा हजारांतली एकच रेघ कशाशीही जुळेना. ती त्यांनी तारीखवेळेसह कळवली. एकाच छायाचित्रावरून मार्ग काढता येत नाही, असं उत्तर आलं.

पुढे काम संगणकाकडे गेलं खरं, पण न जुळणारी रेघ त्याने खोडायची नाही, बाईंपुढे ठेवायची, असं ठरलं. रोज पंधरा-वीस येतात. बहुतेक उपग्रहच निघतात.