सात एकतीसची नोंद

तेराव्याची पानं उचलून झाली आणि जननीनं माझ्याकडे तिच्या आईचं लॉगबुक, म्हणजे रेडिओच्या नोंदींची वही, मागितलं. "कोठें ठेवलों ठाऊक नाही," मी आमच्या तंजावरी मराठीत म्हणालो. धडधडीत खोटं. ते माझ्या उशीखाली होतं.

जननी माझी मुलगी, कोइंबतूरला वकिली करते. तिला सरकारविरुद्ध तक्रार करायची होती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई, कामाक्षी, छातीत कळ येऊन रेडिओच्या सेटसमोरच गेली. फ्रीक्वेन्सी सरकारी बोलण्यानं भरलेली होती म्हणून मदत मागता आली नाही, एवढं मीच जननीला सांगितलं होतं. "सरकारनं मारलें अम्मास," असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचो.

आम्ही नवराबायको दोघंही हौशी रेडिओवाले, परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले. आम्ही बोलतो तो फ्रीक्वेन्सीचा पट्टा आमच्या एकट्याचा नाही. त्यावर सरकारचा हक्क पहिला, आमचा दुसरा. आधी ऐकायचं आणि सरकारी माणूस बोलत असला की गप्प बसायचं. हे कामाक्षीला मी शिकवलं, पण तिला शिकवायची गरजच नव्हती. रेशनच्या रांगेत असो, देवळात असो, बाई जन्मभर "परवाइल्ल, थांबतें मी" म्हणत आली. परवाइल्ल, म्हणजे काही हरकत नाही. मला त्या शब्दाचा संताप यायचा. गेले तेरा दिवस मात्र तो ऐकायला माझे कान आसुसलेत.

जीव धोक्यात असेल तर सरकारलासुद्धा मध्येच तोडता येतं. हा प्रश्न तिच्या परीक्षेत आला होता आणि तिनं तो बरोबर सोडवला होता. माझ्यापेक्षा दोन मार्क जास्तच पडले होते तिला. पण आपलं दुखणं त्या नियमात बसतं, असं तिच्या मनात आलं नसणार. मीही तिला तसं कधी सांगितलं नाही.

त्या सकाळी मोबाइल बंद होते, वीज नव्हती, आणि शेजारचे लोक शाळेतल्या छावणीत गेले होते. पापनाशमच्या तालुका कचेरीत सेट चालवायला माणूस नव्हता, म्हणून साहेबांनी मला न्यायला जीप पाठवली. तीस वर्षं ज्यांना वाट दिली, त्यांची जीप माझ्या दारात! मी इस्त्रीचा सदरा घातला. कामाक्षीनं कॉफीचा टंबलर हातात दिला. "जाऊन या. मी बॅटरीवर सेट लावून हितं ऐकत बसतें," ती म्हणाली. कचेरीचा सेट चालवायला गेलो होतो, ही गोष्ट मी जननीला सांगितली नव्हती. मदतीला गेलो होतो, एवढंच म्हणालो होतो.

संध्याकाळी जननीनं तक्रार वाचून दाखवली. तंजावूरच्या सरकारी कंट्रोल रूममध्ये बसलेल्या सेतुमाधवानं बेजबाबदारपणे फ्रीक्वेन्सी अडवून ठेवली, त्याला कामावरून काढावं, असं तिनं लिहिलं होतं. सेतुमाधव आमच्याच मराठी लोकांतला, कंत्राटावरचा पोरगा. घरी दोन लहान मुलं. सरकारवर खापर फुटलं असतं तर मी मूग गिळून बसलो असतो, खोटं कशाला बोलू? पण सेतुमाधवाचं नाव ऐकलं आणि उठलो. उशीखालचं लॉगबुक तिच्या हातात दिलं.

ती शेवटचं लिहिलेलं पान काढून मोठ्यानं वाचायला लागली. अक्षरं तमिळ, बोली आमची, आणि हस्ताक्षर ओळीगणिक खाली उतरत गेलेलं.

"७.१०. सरकारी बोलणें. बचावाच्या नावा मोजत्यात. छातींत दुखतें. थांबलें.

७.२२. कळ वाढली. अजून सरकारी. थांबलें."

जननीचा आवाज चढला. "पाहा, अप्पा! हेंच पाहिजे होतें मला." मग तिनं पुढची ओळ वाचली, आणि ती वाचताना आवाज कुठल्या कुठे गेला.

"७.३१. नावा सरल्या. सेतुमाधव पुसतो, पोंगलांत तूप किती घालायचें. जननीचे अप्पा सांगत्यात. किती दिवसांनी खुशींत अहेत. परवाइल्ल, बोलूं दे."

त्याखाली पान कोरं होतं.

कचेरीत कुणीतरी पानावर गरम पोंगल, म्हणजे मूग-तांदळाची खिचडी, आणून दिला होता. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती. मला ती फ्रीक्वेन्सी सोडवेना.

जननीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "किती वेळ बोललां, अप्पा?"

"अकरा मिनिटं," मी म्हणालो.