हाजी डब्यातला एक घोट

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगभर पोचे पडले आहेत, कडी वाकडी झाली आहे. पण मला कळकट म्हणण्याआधी जरा सावरून बसा. मी मक्केला जाऊन आलेला डबा आहे!

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्पातला. फाळणीनंतर सिंधहून आलेला टेकचंद तिथे रस्त्याकडेला बसून पत्र्याची भांडी घडवी. कुळगावचे दाऊदभाई हजला निघाले होते. ते त्याला म्हणाले, "झमझमचं पाणी आणायचंय. गळायला नको."

टेकचंदची हातोडी थांबली. "साईं, हम इधर आ रहे थे, तब गाडी में बच्चे पानी-पानी करते थे. पानी का डिब्बा मैं टपकने दूँगा?"

त्याने माझ्या सांध्यांना वितळल्या कथलाचा दुहेरी डाख लावला आणि माझा गळा चांगला आत खोल बसवला. इतका खोल, की मला पार उलटा केला तरी घोटभर पाणी आतच अडकून राही.

"हे काय? सगळं ओतलंच जात नाही!" दाऊदभाई कुरकुरले.

"पीछे थोडा रहने दो ना, साईं," टेकचंद हसला.

दाऊदभाईंची आई जैतूनबी. हजची आस तिने जन्मभर धरली होती, पण ऐनवेळी गुडघ्यांनी दगा दिला. निघताना तिने मला मांडीवर घेऊन पदराने पुसले आणि मुलाला म्हणाली, "माझ्या वाटणीची मक्का याच्यात भरून आण."

मुंबईहून जहाज सुटले. वाटेत एका देवमाशाने मला पाहून सलाम केला. खोटे वाटत असेल तर त्यालाच विचारा! पण पुढचे मात्र अगदी खरे. ज्या काब्याकडे तोंड करून जगभर नमाज पढतात, तो मी डोळ्यांसमोर पाहिला. राजा कोण आणि हमाल कोण, काही ओळखू येईना. सगळे बिनशिवल्या पांढऱ्या कापडात. सफा आणि मरवा या टेकड्यांमधून दाऊदभाई मला काखेत मारून चालले. तान्हा इस्माईल तहानेने रडत होता, तेव्हा त्याची आई हाजरा पाण्यासाठी इथेच धावली होती. त्या माउलीसाठी अल्लाने जो झरा फोडला, तोच झमझम. ते पाणी माझ्यात उतरले, तेव्हा माझा पत्रासुद्धा शहारला. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीत दाऊदभाई मुसमुसून रडले. मीही रडलो असतो, पण टेकचंदचा डाख पक्का!

गुरुवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. दाऊदभाई मला उघडू लागले, तर जैतूनबी म्हणाली, "आज नको. उद्या जुम्मा. हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून, उभी राहून पिईन."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गर्दी होणार, म्हणून शेजारच्या वेणूबाई सकाळीच मदतीला आल्या. शिळे पाणी ओतून भांडी घासायची, ही त्यांची रोजची रीत. त्यांच्या घरी गंगा तांब्याच्या सीलबंद गडूत, देवापुढे. देवाघरचे पाणी असल्या पत्र्याच्या डब्यात असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांनी मला शेवग्याच्या मुळाशी उलटा केला!

राख हातात घेतात तोच दाऊदभाई ओरडले, "वहिनी, काय केलंत! झमझम होतं ते!"

वेणूबाई मटकन खाली बसल्या. "अगं बाई! चाची, मी मेलीनं काय केलं हो हे!"

वजू करून बसलेल्या जैतूनबीने मला जवळ ओढले, तशीच मांडीवर घेतले. मी जिवाच्या आकांताने हललो. आत डुबुक वाजले.

"दाऊद," ती म्हणाली, "अरे, आहे रे यात!"

मी तिच्या मांडीवर आडवा झालो, तसे गळ्यामागचे पाणी माझ्या कुशीत उतरले. हळूच कलते करताच ते वाटीत आले. बरोब्बर एक घोट.

"ऊठ, वेणू. रडतेस काय? मला धर."

वेणूबाईंच्या खांद्यावर भार टाकून जैतूनबी उभी राहिली. तिने काब्याकडे, मावळतीकडे तोंड केले, बिस्मिल्ला म्हटले आणि अर्धाच घोट प्यायली. उरलेला तिने परत माझ्यात ओतला.

"अम्मा, सगळं पी ना!" दाऊदभाई कळवळले.

"आणि आलेल्या माणसांना काय, डबा दाखवू? वेणू, विहिरीचं पाणी आण. झमझमचा थेंब आहे, तवर सगळं झमझमच."

त्या दिवशी गावाने माझे पाणी पिऊन दुवा दिली. पहिली वाटी वेणूबाईंना मिळाली. तो शेवगा? त्याला पुढे इतक्या लांब शेंगा लागल्या, की शेजारच्या बेलवली गावचे लोक त्यांवर धोतरे वाळत घालत!

त्यानंतर मी कधी रिकामा झालो नाही. मला घडवणारा एक, वाहून आणणारा दुसरा, भरणारी तिसरी. एवढ्या हातांचे उपकार एका पत्र्याने कसे फेडावेत? म्हणून मित्रांनो, आलात तर पोटभर प्या. पण तळ दिसायच्या आधी विहिरीवरून कळशीभर आणून ओता. घासायचे तर मला बाहेरूनच घासा. आणि कुणी विसरून उलटे केलेच, तरी घाबरू नका. टेकचंदने सोय करून ठेवली आहे.