हातानं बोलणारी सून

देवानं माझ्या सुनेला चांगली चालती जीभ दिलीय, पण घरात ती हातानं बोलते. माझ्यासमोर, माझ्या लेकाशी.

संध्याकाळी गिरणी सुटली की दोघं केसांत कापसाचं तूस घेऊन घरी येतात. जोतीराम साच्यावर कापड विणतो, सोजर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायांत असते. हातपाय धुऊन जेवायला बसले की यांचं सुरू होतं. ती दोन बोटं ओठाला लावते, तळवा उलटा करते, भुवई उडवते. तो मान हलवून एक बोट फिरवतो. मग दोघं हसतात. आणि मी चुलीपाशी पिठाचे हात घेऊन बसलेली, या घरची मोठी बाई. मीही सासूपुढं खालमानेनं वागले, पण बोलले ते तोंडानं.

शेजारची जगदेवी म्हणाली, गिरणीत यंत्रांचा एवढा दणका असतो की कानाशी ओरडलेलं कळत नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलतात, एकमेकांचे ओठ वाचतात. मी म्हटलं, मग गिरणीत बोला की. माझ्या खोलीत कुठला साचा चालतोय? इथं दिवसभर पाल चुकचुकली तरी ऐकू येते.

ते खरंच होतं. सकाळी भोंगा वाजला की चाळ रिकामी होते. मागं राहतो आम्ही, म्हाताऱ्या आणि मांजरं. गावाकडं करकंबला माणसं रानात गेली तरी हाक मारली की कुठल्यातरी बांधावरून ओ यायची. इथं कुणाला हाक मारायची? मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, दोन वेळची भाकरी मिळेल, पडून राहा कोपऱ्यात. मी कोपऱ्यात पडणाऱ्यातली नव्हे. पोराचा हात धरला आणि सोलापूरला आले. आता तेच कुंडलिक भावजी इथं गड्ड्याच्या जत्रेला आले की त्यांना ताटावर बसवून सांगते, माझा लेक एकटा दोन साचे सांभाळतो, तुमच्यानं दोन बैल सांभाळवत नाहीत.

पण लेकाशी बोलायचं म्हणजे संध्याकाळची वाट बघायची. दिवसभर मी बोलणं साठवून ठेवते. भाजीवाली काय म्हणाली, नळावर कुणाची जुंपली, कुणाच्या घरी पाळणा हलला. जोतीराम जेवता जेवता "व्हय आये" म्हणतो आणि आडवा होतो. पावसाळ्यानंतर मी सांगितलं, तुझे चुलते आजारी आहेत, जाऊन बघून ये. "व्हय" म्हणाला. गेला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हाही "व्हय". मी मनात म्हटलं, गिरणीनं लेकाला मोठं केलं, त्यात आई लहान झाली.

मग संक्रांतीनंतर जगदेवीच्या लेकानं वेगळी चूल मांडली. त्याआधी महिनाभर नवरा-बायको असेच बोटांनी बोलत होते, हे जगदेवीनं मला डोळे पुसत सांगितलं. त्याच संध्याकाळी सोजरनं माझ्याकडं बघून काहीतरी खूण केली. जोतीरामनं झटकन मान हलवली आणि तिचा हात दाबून खाली धरला. मला समजायचं ते समजलं. ती म्हणत होती, म्हातारीला आज सांगून टाकू. तो म्हणत होता, थांब.

मी अबोला धरला.

माझा अबोला काही साधा नव्हे. करकंबला मी अबोला धरला की घरात घास कुणाच्या गळ्याखाली उतरत नसे, खुद्द सासूबाई लुगड्याचा पदर सावरत माझ्याजवळ येऊन बसत. इथं सोजर दोनदा विचारून गेली, आत्याबाई, काय चुकलं. मी तोंड फिरवलं. तिला मी जाता-येता जे सुनवायचं ते भांड्यांना सुनवलं आणि तिनं ते निमूट ऐकलं. पण जोतीरामनं काहीच विचारलं नाही. आई बोलायची थांबली, हे त्याला दिसलंसुद्धा नाही. रोज तसाच जेवला, तसाच झोपला. एवढ्या माणसांच्या चाळीत माझं गप्प राहणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

असंच एका संध्याकाळी मी उंबऱ्यात तंबाखू चघळत बसले होते. दात गेल्यापासून माझा जबडा बराच वेळ हलत राहतो. जोतीराम समोर बसला होता, माझ्या तोंडाकडं बघत. मधेच त्यानं मान हलवली.

"व्हय आये. बरं. उद्या बगतो."

मी एक शब्द बोलले नव्हते.

माझा जबडा थांबला. तो अजून बघत होता, पुढचं ऐकायला थांबल्यासारखा. मी पुन्हा चघळायला लागले. त्यानं पुन्हा मान हलवली. मग तो उठला आणि माझ्याकडं पाठ करून खुंटीपाशी उभा राहिला. मी अबोला मोडला. तो लहान असताना बांधावरून मारायची तशी हाक मारली, "जोत्या."

पलीकडच्या खोलीतली म्हातारी बाहेर डोकावली. सोजरच्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. जोतीराम सदऱ्याची बटणं सोडत राहिला.

तो बादली घेऊन नळावर गेल्यावर सोजरनं सगळं सांगितलं, मान वर न करता. गेल्या वर्षापासून त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, दिवाळीच्या आधीच पार गेलं. साचेखात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथं कुणाला पत्ता नाही. त्यांच्यावरचा मुकादम, जॉबर महादेवप्पा, अजून त्याला शाबासकी देतो. तिथं तो सगळ्यांसारखा आहे. बहिरा आहे तो फक्त घरी. आईला सांगायचं नाही, म्हणून त्यानं हिला गळ्याची शपथ घातली. का, तर आई चुलत्यापुढं लेकाचा तोरा मिरवते, तिची मान खाली जाईल. त्या संध्याकाळी हिनं आता सांगू या म्हणून खूण केली, तर त्यानं हात दाबला.

मी विचारलं, तुझं त्याला कळतं, मग माझं का कळत नाही? तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, तुमचे ओठ त्यांना वाचता येत नाहीत. तोंडात दात नाहीत, वर तंबाखू, आणि तुम्ही बसता ते दिव्याला पाठ करून. म्हणून ते सगळ्याला व्हय म्हणतात.

मी विचारलं, हाक मारायची खूण कुठली?

ती म्हणाली, हाकेला खूण नाही. पुढ्यात जाऊन उभं राहायचं.

इतके महिने मी जे जे साठवून त्याच्यापुढं मांडलं होतं, ते कुठंच पोचलं नव्हतं. आणि तो रोज माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. दिवसभर त्या खोलीत मी एकटी असते म्हणत होते, आणि हा लेक माझ्या हाताची भाकरी खाताना माझ्याहून एकटा होता.

बाहेर नळावर बादली भरत आली होती. मी उठून मोरीत तंबाखू थुंकली, चूळ भरली, कोनाड्यातला दिवा काढून माझ्या जागेपुढं ठेवला. सोजर चुलीपाशी अंग चोरून उभी होती, आता माझं तोंड सुटणार म्हणून. तिला मी समोर बसवलं.

"सोजर, तू लबाड हायस. माझ्या लेकाचं दुखणं तू माझ्यापासनं चोरून ठिवलंस, आन वर माझी बोलणी गुमान खाल्लीस. म्हंजे सासूला खोटं पाडलंस. ह्येची शिक्षा हाय. आजपासनं जेवणं झाली की हितं दिव्याम्होरं बसायचं आन मला सगळ्या खुणा शिकवायच्या. पैली, जेवलास का, ह्येची. हाकेला खूण नसंल तर नसू दे, मी जाऊन त्येच्या म्होरं हुबी ऱ्हाईन, माझं पाय अजून धड हायती. कुंडलिक भावजी आलं की त्यांचं मी बगून घेईन, तुमी दोगांनी माझी मान राखायची काळजी करायची न्हाय. आन हितनं फुडं हसायचं तर मला कळंल असं हसायचं. कळलं का? व्हय म्हनू नगंस. हातानं सांग."