नाथाच्या तीन बोटांचा ताल

मी एक ऱ्हिदम मशीन. वहीएवढा करडा डबा, वर सोळा रबरी बटणं आणि कोपऱ्यात लाल आकडे. बटण दाबलं की कधी ड्रम वाजतो, कधी काँगोचा उभा ढोल, कधी टाळी. जन्म जपानचा, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती ठाण्यात, नौपाड्यातल्या श्रीपाद रानड्यांच्या दिवाणावर. शहाऐंशी साली त्यांच्या मेहुण्याने मला दुबईहून टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

श्रीपादराव बँकेत नोकरीला होते आणि संध्याकाळी अकॉर्डियन वाजवायचे. त्यांचा आठ-दहा जणांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यात ढोलकीला कोपरीचा नाथा कोळी. पहिल्या दिवशी नाथाने माझी सगळी बटणं एकेक करून दाबली आणि म्हणाला, हिला घाम येत नाय, हे बरं हाय. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. आपण कुणाच्या जागेवर बसणार आहोत, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

लहान कार्यक्रमांना स्टेज लहान, माणसं चारच. हळूहळू श्रीपादराव ढोलकीऐवजी मलाच नेऊ लागले. मोठ्या कार्यक्रमाला तुलाच बोलवीन, असं त्यांनी नाथाला सांगितलं. नाथा बरं म्हणाला. पण मोठे कार्यक्रम वर्षातून दोन. त्याची बायको शेवंती बाजारात मासळी विकायची. सगळा भार तिच्यावर कसा टाकायचा, म्हणून नाथाने वागळे इस्टेटमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर काम धरलं.

तिथल्या अकराव्या महिन्यात त्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं.

बातमी आली तेव्हा मी टेबलावरच होते. श्रीपादरावांनी अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून उतरवला. नाथा इस्पितळातून घरी आला त्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि कोपरीला नेलं.

नाथा खाटेवर बसला होता, उजवा हात शर्टाखाली झाकून. "ही तुझ्याकडे राहू दे," श्रीपादराव म्हणाले.

नाथाने माझ्याकडे पाहिलं. "हिच्यामुळंच मी प्रेसवर गेलो, श्रीपादराव. आता घरात कुठं ठेवू हिला?"

श्रीपादरावांनी मला खाटेच्या कडेला ठेवलं आणि चप्पल घालून ते निघून गेले.

शेवंतीने मला उचलून तांदळाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलं. तिथे मी दोन महिने होते. कारखान्याने नाथाला गेटवर बसायचं काम दिलं. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, डाव्या हाताने जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. घरात कुणी गुणगुणलं तरी उठून बाहेर जायचा. शेवंतीचा गळा मोठा गोड. आळीतली हळद तिच्या गाण्याशिवाय लागायची नाही. पण त्या दोन महिन्यांत तिने घरात ओठ हलवले नाहीत.

मग तिच्या चुलतबहिणीच्या मुलीचं, चित्राचं लग्न ठरलं. एका रविवारी दुपारी शेवंतीने मला खाली काढलं, वायर लावली आणि टेपरेकॉर्डरच्या स्पीकरला जोडलं. ही जोडणी तिने श्रीपादरावांकडे जाऊन विचारून घेतली होती, हे मला मागाहून कळलं. तिने एक बटण दाबलं. मी शिकले होते तसा वॉल्ट्झ, साहेबी नाचाचा तीन ठोक्यांचा ताल, वाजवला. ती त्यावर हळदीचं गाणं म्हणू लागली. गाणं एकीकडे, मी एकीकडे. तरी ती थांबली नाही.

खाटेवरून आवाज आला. "वजन चुकतंय."

शेवंती गातच राहिली.

"अगं, वजन चुकतंय. जोर पहिल्यावर नको, तिसऱ्यावर पायजे."

"मना काय कलतंय त्यातलं?" ती म्हणाली. "तुमी सांगा तिला."

नाथा उठला. माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि किती दिवसांनी त्याने तो हात शर्टाबाहेर काढला. जखम भरली होती, कातडी अजून गुलाबी होती. त्याने करंगळीने एक बटण दाबलं, मग अनामिकेने दुसरं, अंगठ्याने तिसरं. माझी एक खुबी आहे. मला घाई लागत नाही. एकेक ठोका सावकाश सांगितला तरी मी तो जागच्या जागी मांडून ठेवते आणि मग सगळे ओळीने वाजवते. माझ्या पोटात ढोलकी नव्हती. त्याने काँगोचा आवाज चढवत चढवत ढोलकीच्या बारीक बाजूच्या, चाटीच्या जवळ नेला, मोठा ड्रम उतरवून त्याची घुमणारी धूम केली. दिवस मावळेपर्यंत तो एकच ताल लावत बसला होता. शेवटी त्याने मला वाजवलं आणि डोळे मिटून ऐकलं. शेवंती चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

हळदीच्या दिवशी मांडवात मला पाटावर ठेवलं. म्हाताऱ्या हौसाबाईने नाक मुरडलं, डब्यावर कुठं हळद लागते का म्हणून. शेवंतीने गाणं धरलं, मी साथीला. सगळं ठीक चाललं होतं. मग माहेर सुटायची ओळ आली आणि चित्राच्या आईला रडू फुटलं. तिला सावरायला शेवंतीने ती ओळ लांबवली. मला थांबता येत नाही. मी आपली पुढे निघाले. इतक्यात नाथाची करंगळी माझ्या वेगाच्या चाकावर आली. त्याचे डोळे शेवंतीच्या ओठांवर होते. ती रेंगाळली तसं त्याने मला रेंगाळायला लावलं, तिने श्वास घेतला तसा मला घ्यायला लावला. ती ओळीवर परतली तेव्हा मी बरोबर तिच्या पावलाला होते. असं मला आजवर कुणी वाजवलं नव्हतं.

गाणं संपल्यावर हौसाबाई उठून आली आणि नाथाचा तो अर्धा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आला रं तुजा हात," ती म्हणाली. त्यानंतर त्याने तो कधी झाकला नाही.

बोलावणी येऊ लागली, कळव्याहून, डोंबिवलीहून, कल्याणच्या खाडीकाठून. एक्याण्णव साली एका कॅसेट कंपनीचा माणूस घरी आला. गाणी हवीत म्हणाला, ताल हवेत म्हणाला, पण वेष्टनावर फक्त 'पारंपरिक' छापणार होता. नाथाने त्याला चहा पाजला. मग शांतपणे सांगितलं, "गाणी जुनी हायत, खरं हाय. पण गळा हिचा हाय नि ताल मी लावलाय. नावं नसतील तर नको."

माणूस गेल्यावर नाथा तडक नौपाड्याला श्रीपादरावांकडे गेला, कॅसेट आपणच काढू म्हणायला. त्या भेटीनंतर दोघं पुन्हा रोज बोलू लागले. श्रीपादरावांच्या बाहेरच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून आम्ही दहा गाणी भरली. चौथ्या गाण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी आली, ती तशीच राहिली. वेष्टनावर शेवंतीचं नाव वर, नाथाचं खाली, श्रीपादरावांचं बारीक. मांडववाल्यांकडे, बँडवाल्यांकडे, बांगड्यांच्या दुकानात कॅसेटी ठेवल्या. लग्नसराईत त्या इतक्या गेल्या की पुन्हा भराव्या लागल्या. पुढच्या वर्षी नाथाने गेटवरची नोकरी सोडली. वाजवून पोट भरणारा माणूस म्हणून तो आळीत ताठ मानेने फिरू लागला.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. डोंबिवलीच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटर आलाय. कोळी ताल लावायचा असला की तिथे नाथाला बोलावतात आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढतात. मी घरीच असते.

माझ्या पोटात एक नाण्याएवढी बॅटरी आहे. वीज बंद असताना शिकलेलं तीच धरून ठेवते. गेल्या दिवाळीत ती संपली. नाथाने मला लावलं तेव्हा त्याचे चाळीस ताल पुसले गेले होते. मी लाल आकडे दाखवत नुसती उभी. मला वाटलं, आता हा मला उचलून ठेवणार. त्याने मांडी घातली आणि करंगळीने पहिला ठोका सांगितला.

तेव्हापासून जेवणानंतर हे रोजच चालतं. तो मला एक ताल शिकवतो, आतून शेवंती त्यावर दोन ओळी म्हणते, तो बटण बंद करतो आणि माझ्या पोटातून तो ताल पुसला जातो. दुसऱ्या दिवशी तो तोच ताल सांगतो, पण एखादा ठोका हलका येतो, एखादा मागे रेंगाळतो. श्रीपादराव म्हणतात, नौपाड्यात अर्ध्या तासात नवी बॅटरी बसवून देतील. नाथा हो हो म्हणतो आणि नेत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी मेकॅनिक घरी आलाच तर त्याला पाणी द्या, चहा द्या, चार गोष्टी बोला. मला उघडून बॅटरी मात्र बदलू देऊ नका.