कोरी जागा

श्रीपतींनी ब्रश पाण्यात बुडवला तेवढ्यात कागदावर सावली पडली. त्यांनी मान वर केली नाही. मागे कोणी येऊन उभं राहिलं की त्यांचा हात आखडायचा. उभं आयुष्य वडगावच्या वाचनालयात पुस्तकांच्या आडोशाला गेलेलं. असं रस्त्यावर बसणं अजून जमत नव्हतं.

"टपऱ्या मोजताय का, आबा?"

चहावाली शहनाज होती. तिच्यामागे झेरॉक्सवाला जानूही आला.

"नाही हो. चित्र काढतोय."

"हितं काय चित्र हाय? गटाराचं?" जानू हसला. "लोकं लोणावळ्याला जात्यात, पॉइंटावर."

कोर्टाच्या भिंतीला टेकलेल्या टपऱ्या, निळी ताडपत्री, वर तारांची गुंतवळ. कित्येक दिवस श्रीपती येता-जाता हेच पाहत होते. पण हे चित्राजोगं आहे असं मोठ्यानं म्हणण्याइतकी खात्री त्यांना नव्हती.

शहनाज वाकली. तिचं बोट कागदावरून सरकत गेलं. जानूचं दुकान, पंक्चरवाल्याची टायरं, वडापावची गाडी. मध्येच ते थांबलं. तिथं काहीच नव्हतं.

"माझी कुटं हाय?"

सकाळचं ऊन नेमकं तिच्या पत्र्यावर पडलं होतं, डोळे दिपावेत असं. जलरंगात असा उजेड रंगवत नाहीत. कागदच तेवढा कोरा ठेवतात. हे त्यांना सांगायचं होतं. तोंडून निघालं एवढंच, "ती... सोडलीय."

"सोडलीय?" तिचा आवाज चढला. "परवा मोजणीवाल्यांनी समद्यांच्या फळीवर खडूनं आकडे टाकले. आकडा आसंल त्याला नवी जागा, बाकीच्या उचलनार म्हनं. माझ्यावर न्हाई टाकला. आन् आता तुमीबी सोडलीय? कुनी सांगितलं?"

जानूचं हसू मावळलं. "आबा, खरं बोला."

"कुणीच नाही सांगितलं. तिथं... ऊन आहे."

"ऊन तर समद्यांवर हाय!"

श्रीपतींनी समोर पाहिलं, मग कागदाकडे. या महिन्यात त्यांना जमलेली ती एकच गोष्ट होती, तो उजेड. एकदा रंग चढला की तो परत आणता येणार नव्हता.

त्यांनी तपकिरीत निळा कालवला. पत्रा काढला, फळी काढली, शेगडी, तिच्यावर किटली. शहनाज ओढणीचं टोक मुठीत धरून पाहत राहिली.

"आता हाय," जानू म्हणाला.

"खाली तारीख टाका," शहनाज म्हणाली. "आन् तुमची सही."

"सही कशाला?"

"लागंल. टपरी हितं व्हती, कुनीतरी बघितली व्हती, म्हनून."

आजवर एकाही चित्राखाली श्रीपतींनी नाव घातलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. जानूनं खिशातलं पेन दिलं. त्यांनी तारीख घातली, सही केली. सही वाचता येत नव्हती, म्हणून शेजारी पूर्ण नाव लिहिलं. मग थोडं थांबून, कोणी न मागता, घरचा पत्ताही.